पंधरा वर्षे, एकच विजेता

1988 साली अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या काही विद्यापीठांनी महिला फुटबॉलची एक नवी बाद फेरीची स्पर्धा सुरू केली. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, म्हणजेच एसीसी, या विद्यापीठांच्या गटाची ही स्पर्धा. अंतिम सामन्यात गाठ पडली ती दोन शेजाऱ्यांची. एकीकडे गेली दोन वर्षे राष्ट्रीय विजेता असलेला चॅपल हिलचा नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा संघ, दुसरीकडे तिथून चाळीसेक किलोमीटरवर असलेल्या रॅली शहरातला एनसी स्टेटचा संघ. सामना बरोबरीत अडकला, पेनल्टी घ्याव्या लागल्या आणि पहिला करंडक एनसी स्टेटच्या मुलींनी नेला.

त्यानंतर 1989 पासून 2003 पर्यंत ओळीने पंधरा वेळा नॉर्थ कॅरोलायनाच जिंकत राहिले. 2004 मध्ये व्हर्जिनियाने ही साखळी तोडली, तीही पेनल्टींवरच. पुढची पाच वर्षे पुन्हा नॉर्थ कॅरोलायना. म्हणजे पहिल्या बावीस स्पर्धांपैकी वीस एकाच संघाच्या नावावर, आणि उरलेल्या दोन पेनल्टींवर हुकलेल्या. पेनल्टींवर निकाल लागलेला सामना नोंदवहीत बरोबरीचाच धरतात. त्यामुळे 2009 पर्यंत, चालू खेळात, या स्पर्धेत नॉर्थ कॅरोलायनाला कुणीही हरवले नव्हते. खेळांच्या इतिहासात अशी मक्तेदारी फार क्वचित आढळते.

अशा स्पर्धेचा इतिहास सांगायला बसले की तो आपोआप विजेत्याचे चरित्र होऊन बसतो. आजवर बहुतेकांनी तो तसाच सांगितला आहे आणि त्यात खोटे काही नाही. मात्र माझ्या मते या स्पर्धेला आकार दिला तो दरवर्षी नोव्हेंबरच्या तोंडावर पुन्हा मैदानात उतरणाऱ्या बाकीच्या संघांनी. ड्यूक, मेरिलँड, व्हर्जिनिया, वेक फॉरेस्ट, एनसी स्टेट आणि पुढे फ्लोरिडा स्टेट हे ते संघ. ज्यांच्याविरुद्ध जिंकणे जवळजवळ अशक्य, त्यांच्याशीच दरवर्षी पुन्हा खेळावे लागत होते. त्यातून या संघांनी जे शिकून घेतले, ते पुढे अमेरिकेच्याच नव्हे तर जगाच्या महिला फुटबॉलमध्ये उतरले. ही प्रस्तावना त्या अंगाने लिहिली आहे.

मराठी वाचकासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत विद्यापीठांचा खेळ ही मोठी सार्वजनिक गोष्ट आहे. विद्यापीठे आपापसांत गट करतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. गटातल्या संघांचे आधी साखळी सामने होतात, मग वरच्या क्रमांकाच्या काही संघांची बाद फेरीची स्पर्धा, आणि त्यानंतर देशभरच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा. एसीसीची स्थापना 1953 मध्ये ग्रीन्सबरो इथे झाली. गटाचे हृदय नॉर्थ कॅरोलायनात. चॅपल हिल, ड्यूकचे डरॅम आणि एनसी स्टेटचे रॅली ही तिन्ही गावे मोटारीने तासाभराच्या आत. वेक फॉरेस्टही त्याच राज्यातले. एकेकाळी तंबाखूच्या पिकावर आणि सिगारेटच्या कारखान्यांवर जगलेला हा मुलूख. त्यावरून या चार विद्यापीठांच्या चुरशीला टोबॅको रोड असे नाव पडले. ती चुरस मुख्यतः पुरुषांच्या बास्केटबॉलची. घराघरांत कोण कुणाच्या बाजूचा हे तिथे जन्मापासून ठरलेले असते. महिला फुटबॉलला ही तयार चुरस आयती मिळाली, आणि ते फार महत्त्वाचे ठरले. हजार मैलांवरच्या संघाशी हरणे विसरता येते. शेजारच्या गावाशी हरले की वर्षभर ऐकून घ्यावे लागते.

या सगळ्याच्या मुळाशी एक कायदा आहे. 23 जून 1972 रोजी संमत झालेल्या शिक्षणविषयक कायद्यातले नववे कलम, ज्याला तिथे टायटल नाइन म्हणतात. मूळ इंग्रजीत ते अवघ्या 37 शब्दांचे आहे आणि त्यात खेळ हा शब्दही नाही. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत लिंगावरून कुणाला वगळता येणार नाही, एवढेच ते सांगते. पॅट्सी मिंक आणि एडिथ ग्रीन या प्रतिनिधिगृहातल्या सदस्यांनी आणि बर्च बे या सिनेटरने ते रेटून नेले. विद्यापीठांना पुढच्या काही वर्षांत उमगले की पुरुषांच्या अमेरिकन फुटबॉल संघात इतके खेळाडू आणि इतक्या शिष्यवृत्त्या जातात की तोल सांभाळायचा तर मुलींचे मोठे संघ उभे करावेच लागतील. आपल्याकडे ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ या कामी सोयीचा होता. संघ मोठा, साहित्य थोडे, मैदान तयार. पुढे जगप्रसिद्ध फुटबॉलपटू झालेली मिया हॅम या कायद्याच्याच वर्षी, मार्च 1972 मध्ये जन्मली. सतरा वर्षांनी ती चॅपल हिलला आली तेव्हा तिच्यासाठी संघ, प्रशिक्षक आणि शिष्यवृत्ती वाट पाहत होती. तिच्या आईच्या पिढीला यातले काहीही मिळाले नव्हते.

चॅपल हिलचा महिला संघ 1979 मध्ये विद्यापीठाचा अधिकृत संघ झाला. प्रशिक्षक म्हणून नेमले गेले अ‍ॅन्सन डॉरन्स. ते आधीच तिथल्या पुरुष संघाला शिकवत होते आणि पुढे जवळजवळ दशकभर त्यांनी दोन्ही संघ सांभाळले. डॉरन्स यांचा जन्म 1951 चा, आपल्या मुंबईतला. वडील तेल कंपनीत अधिकारी. त्यामुळे बालपण भारत, केनिया, सिंगापूर, इथिओपिया, युरोप असे फिरतीवर गेले. ज्या देशांत फुटबॉल हाच पहिला खेळ होता, तिथे हा अमेरिकन मुलगा वाढला. त्याच्या वयाच्या बहुतेक अमेरिकनांना या खेळाची नीट ओळखही नव्हती. अमेरिकेतल्या महिला फुटबॉलच्या सर्वांत यशस्वी प्रशिक्षकाची ही मुंबईची नाळ मराठी वाचकाला ठाऊक असायला हवी.

राष्ट्रीय पातळीवर पहिले विजेतेपद त्यांनी 1981 मध्ये मिळवले, तेव्हा महिलांच्या खेळांची स्वतंत्र संघटना होती. पुढच्या वर्षी ती बंद पडली आणि एनसीएए या मुख्य संघटनेने महिला फुटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. ती नॉर्थ कॅरोलायनाने 1982, 1983 आणि 1984 मध्ये जिंकली. 1985 मध्ये जॉर्ज मेसनने अंतिम सामन्यात त्यांना हरवले. मग 1986 ते 1994 सलग नऊ विजेतेपदे. 1986 ते 1990 या काळात हा संघ 103 सामने अपराजित राहिला. 1988 ची एसीसी स्पर्धा याच 103 सामन्यांच्या मधोमध येते. एनसी स्टेटने करंडक नेला आणि तरीही नोंदवहीत नॉर्थ कॅरोलायना अपराजितच, असा तो प्रसंग. त्याच वर्षी राष्ट्रीय अंतिम सामन्यात हेच दोन संघ चॅपल हिलला पुन्हा भिडले आणि नॉर्थ कॅरोलायनाने 4-1 असा हिशेब चुकता केला.

एनसी स्टेटचा तो संघ मला या सबंध इतिहासातला सर्वांत उपेक्षित संघ वाटतो. कॅनडाची शार्मेन हूपर त्यात होती; पुढे ती आपल्या देशाच्या महिला फुटबॉलची पहिली मोठी गोलकर्ती झाली. लिंडा हॅमिल्टन बचाव फळीत होती. महाविद्यालयातले शेवटचे वर्ष ती नॉर्थ कॅरोलायनाकडून खेळली आणि 1991 मध्ये चीनमध्ये झालेल्या पहिल्या महिला विश्वचषकात विजेत्या अमेरिकी संघात होती. त्या विश्वविजेत्या संघाचे प्रशिक्षक डॉरन्सच. म्हणजे पहिल्या एसीसी अंतिम सामन्यात एकमेकींविरुद्ध उभ्या राहिलेल्यांपैकी काही जणी तीन वर्षांत एका झेंड्याखाली खेळत होत्या. स्पर्धा किती उंचीवर सुरू झाली होती, हे समजायला एवढे पुरे.

डॉरन्स यांची पद्धत थोडी जवळून पाहू. पुरुष बास्केटबॉलचे चॅपल हिलचे विख्यात प्रशिक्षक डीन स्मिथ यांचा सराव ते पाहायला जात. तिथे सरावातली प्रत्येक फेक, प्रत्येक झुंज कुणीतरी टिपून ठेवत असे. डॉरन्स यांनी तेच महिला फुटबॉलमध्ये आणले. एकास एक झुंज, धावण्याच्या शर्यती, छोट्या मैदानावरचे सामने, सगळ्याचा निकाल नोंदला जाई आणि क्रमवारी सर्वांना दिसेल अशी लावली जाई. मैत्रिणीशी सरावातही जीव तोडून स्पर्धा करायची, ही गोष्ट त्या काळातल्या मुलींना कुणी शिकवलेली नव्हती. उलट न करण्याचेच वळण लावलेले असे. या पद्धतीला मैदानावर जोड होती ती तीनच बचावपटू ठेवून पुढे चढून दाबण्याची. विद्यापीठ फुटबॉलचे नियमही मदतीला होते. बाहेर गेलेली खेळाडू दुसऱ्या सत्रात परत येऊ शकते, त्यामुळे डॉरन्स पुढची फळी अख्खीच्या अख्खी बदलत. दमलेल्या बचावपटूंसमोर वीस मिनिटांनी तीन ताज्या मुली उभ्या राहत. विद्यापीठाच्या मैदानावरचे घड्याळही उलटे चालते: पंचेचाळीस मिनिटांवरून शून्याकडे. शेवटची दहा सेकंदे ध्वनिक्षेपकावरून मोजली जातात. त्या दाबाखाली शेवटचा पाव तास तग धरणे हेच बाकीच्या संघांचे वर्षानुवर्षे उद्दिष्ट होते.

या यशाला एक काळी बाजू आहे आणि ती टाळून हा इतिहास सांगणे अप्रामाणिक ठरेल. 1998 मध्ये दोन माजी खेळाडूंनी डॉरन्स यांच्यावर लैंगिक छळाचा दावा दाखल केला. डॉरन्स यांनी आरोप नाकारले. मात्र खेळाडूंच्या खासगी आयुष्यावरच्या थट्टामस्करीत आपण भाग घेतल्याचे मान्य करून माफी मागितली. एका दाव्यात 2004 मध्ये आणि दुसऱ्यात 2008 मध्ये तडजोड झाली, त्यातल्या दुसऱ्यात विद्यापीठाने 3 लाख 85 हजार डॉलर दिले. तरुण मुलींच्या संघात प्रशिक्षकाच्या हाती किती सत्ता असते आणि तिला मर्यादा कुणी घालायची, हा प्रश्न त्यानंतर सगळ्याच विद्यापीठांना सोडवावा लागला. करंडकांची संख्या त्याचे उत्तर देत नाही.

आता त्या पंधरा वर्षांकडे. 1992 च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाने ड्यूकला 9-1 असे हरवले. ड्यूकची मैदाने चॅपल हिलपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर. म्हणजे हा पराभव शेजारच्या आळीत रोज आठवण करून दिला जाणारा. आणि दोनच वर्षांनी, ऑक्टोबर 1994 मध्ये, त्याच ड्यूकने साखळी सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाला 3-2 असे हरवून त्यांची 101 सामन्यांची दुसरी अपराजित मालिका संपवली. मला हा निकाल त्या दशकातल्या कुठल्याही करंडकापेक्षा मोलाचा वाटतो. नऊ गोल खाल्लेल्या विद्यापीठाने संघ बंद केला नाही, शिष्यवृत्त्या कमी केल्या नाहीत. पुढच्या मोसमाची तयारी केली.

ज्ञान कसे पसरले याचे सर्वांत ठळक उदाहरण एप्रिल हाइनरिक्स. 1980 च्या दशकात ती नॉर्थ कॅरोलायनाची सर्वांत आक्रमक खेळाडू होती, 1991 च्या विश्वविजेत्या संघाची कर्णधार होती, आणि नंतर ती प्रशिक्षक म्हणून आधी मेरिलँडला आणि मग व्हर्जिनियाला गेली. दोन्ही त्यावेळी एसीसीचीच विद्यापीठे. म्हणजे 1990 च्या दशकात बराच काळ ती आपल्याच गुरूला हरवण्याच्या खटाटोपात होती. तिला या स्पर्धेचे विजेतेपद मिळाले नाही, पण व्हर्जिनियाचा संघ तिने ज्या पातळीवर आणून ठेवला, तिथून स्टीव्ह स्वॉन्सन यांनी पुढे नेऊन 2004 मध्ये साखळी तोडली. तोवर हाइनरिक्स राष्ट्रीय संघाची प्रशिक्षक झाली होती आणि त्याच वर्षी अथेन्समध्ये तिच्या संघाने ऑलिंपिक सुवर्ण जिंकले होते.

2010 मध्ये वेक फॉरेस्ट पहिल्यांदा विजेते झाले. त्यानंतरची कहाणी फ्लोरिडा स्टेटची. या विद्यापीठात महिला फुटबॉलचा संघ 1995 मध्ये सुरू झाला, पहिले एसीसी विजेतेपद आले 2011 मध्ये, आणि तिथून 2024 पर्यंतच्या चौदा स्पर्धांपैकी अकरा त्यांनी जिंकल्या. मार्क क्रिकोरियन यांनी घडवलेला हा संघ नॉर्थ कॅरोलायनाची नक्कल नव्हता. धावत सुटून दाबण्याऐवजी चेंडू पायात ठेवून खेळ रचायचा, आणि त्यासाठी देशोदेशीच्या मुली आणायच्या, अशी त्यांची रीत. आइसलंडची डाग्नी ब्रिन्यार्सडोटिर, व्हेनेझुएलाची डेना कास्तेयानोस, पुढे नायजेरियाकडून खेळणारी ओन्यी एचेगिनी अशी नावे त्या संघाच्या यादीत आहेत. एका मक्तेदारीच्या जागी दुसरी आली, असे वरवर दिसते. पण या दुसऱ्या काळात अंतिम सामने एका गोलावर, जादा वेळेवर, पेनल्टींवर सुटत आहेत, आणि मधूनमधून जुन्या राजाचेही पुनरागमन होते. 2017 मध्ये ड्यूकने साखळीतले दहाच्या दहा सामने जिंकले होते. अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाने त्यांना 1-0 असे हरवले. ड्यूकला हा करंडक 2024 पर्यंत एकदाही मिळालेला नाही. इतका सातत्याने चांगला आणि इतका रिकाम्या हाताचा संघ या स्पर्धेत दुसरा नाही.

स्पर्धेचा आराखडा सतत बदलत राहिला. कधी आठ संघांना प्रवेश, कधी सहा, कधी चारच. अंतिम सामना बहुधा रॅलीजवळच्या कॅरी या गावातल्या फुटबॉल संकुलात होतो. या भागात संगणक आणि औषध कंपन्यांमुळे भारतीय वस्ती दाट आहे आणि मराठी घरेही पुष्कळ आहेत. 2016 मध्ये मात्र स्पर्धा तिथून हलवावी लागली. राज्य सरकारने त्या मार्चमध्ये एक कायदा केला होता. पारलिंगी व्यक्तींनी सरकारी इमारतींत जन्मदाखल्यावरील लिंगाप्रमाणेच स्वच्छतागृह वापरावे, अशी सक्ती त्यात होती. सप्टेंबरमध्ये एसीसीने आपल्या त्रयस्थ मैदानांवरच्या स्पर्धा राज्याबाहेर न्यायचे ठरवले. महिला फुटबॉलची अंतिम फेरी साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनला झाली. गटाचे निम्मे मन ज्या राज्यात, त्याच राज्यातून गटाने आपली स्पर्धा काढून घेतली, ही साधी गोष्ट नव्हती.

गेल्या काही वर्षांत गटच इतका पसरला आहे की त्याला ओळखणे अवघड व्हावे. 2013 मध्ये नोत्र दाम आले, 2014 मध्ये संस्थापकांपैकी एक असलेले मेरिलँड निघून गेले, आणि 2024 मध्ये स्टॅनफर्ड, बर्कलीचे कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि टेक्ससचे एसएमयू दाखल झाले. अटलांटिक किनाऱ्याच्या गटात आता पॅसिफिक किनाऱ्यावरची विद्यापीठे आहेत. कारण अमेरिकन फुटबॉलच्या टीव्ही हक्कांचा पैसा. त्याची किंमत इतर खेळांतली मुले-मुली मोजतात. साखळीतल्या एका सामन्यासाठी स्टॅनफर्डच्या मुलींना चार हजार किलोमीटरच्या आसपास उडावे लागते आणि परत येऊन परीक्षा द्यावी लागते. शेजारच्या गावाशी असलेल्या चुरशीवर उभी राहिलेली ही स्पर्धा या अंतरांत कशी टिकेल, याची मला खरी काळजी वाटते. मुलींच्या वेळापत्रकाचा विचार करून साखळी पूर्व आणि पश्चिम अशी विभागावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मराठी वाचकाने हे का वाचावे? आपल्याकडे महिलांची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा 1991 पासून होते आणि आता तिला राजमाता जिजाबाईंचे नाव आहे. मणिपूरने तिच्यात वीसहून अधिक विजेतेपदे मिळवली आहेत. तिथेही कौतुक मणिपूरचे होते आणि ते रास्तच आहे. पण मणिपूरशी दरवर्षी हरून परतलेल्या राज्यांच्या संघांचे पुढे काय झाले, त्यांना सरावाला मैदान मिळाले का, प्रशिक्षक टिकले का, खेळणाऱ्या मुलींना नोकऱ्या लागल्या का, हे कुणी सलगपणे लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही. एसीसीतल्या पराभूत संघांना हरल्यानंतरही शिष्यवृत्त्या मिळत राहिल्या, पूर्णवेळ प्रशिक्षक मिळत राहिले, कारण कायद्याने ते बंद करणे अवघड केले होते. ड्यूकचा 1992 ते 1994 हा प्रवास त्या आधाराशिवाय झाला नसता.

पुढील इतिहास वाचताना 2024 चा मोसम नजरेसमोर ठेवावा. त्या ऑगस्टमध्ये, मोसम सुरू होण्याच्या तोंडावर, डॉरन्स पंचेचाळीस वर्षांनी निवृत्त झाले आणि डेमन नहास यांनी तात्पुरती सूत्रे घेतली. एसीसीचा करंडक फ्लोरिडा स्टेटने सलग पाचव्यांदा जिंकला. त्यानंतरच्या राष्ट्रीय स्पर्धेत मात्र शेवटच्या चारांत हा विजेता नव्हता. तिथे होते नॉर्थ कॅरोलायना, ड्यूक, वेक फॉरेस्ट आणि स्टॅनफर्ड, म्हणजे चौघेही एसीसीचेच, आणि चौघांपैकी एकाच्याही हाती त्या वर्षीचा गटाचा करंडक नव्हता. डिसेंबरमध्ये कॅरीच्याच मैदानावर नॉर्थ कॅरोलायनाने वेक फॉरेस्टला 1-0 असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. उपविजेत्या वेक फॉरेस्टचा संघ 1988 च्या पहिल्या एसीसी स्पर्धेत नव्हता. तो 1990 च्या दशकात सुरू झाला.